वजा एक

बापूंना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, दुकान वेगळं असेल. पण पोरगी लातूरला टाकलीय आणि 'नीट'ला बाप बसलाय, असा माणूस तुमच्याही गल्लीत आहेच. आमचे बापू जामखेडला खर्डा रोडवर खतं-बियाणं विकतात. युरियाची गोणी मागावी, तर आधी ऑरगॅनिक केमिस्ट्री ऐकावी लागते. उधारीच्या वहीची मागची पानं कटऑफनी भरलीत: बी. जे., केईएम, जे. जे. पुढच्या पानांवरची थकबाकी विचारायला त्यांना सवड नाही, म्हणून गिऱ्हाइकं खूश.

बरोबर उत्तराला चार, चुकलं की वजा एक. हा नियम बापूंच्या अंगात पार मुरलाय. परवा एका लग्नात पंगतीतच निकाल लावला: "जिलेबी, चार. मठ्ठा, चार. वांग्यात मीठ नाही, वजा एक." नवरदेव दीड तास नाचत राहिला, मुहूर्ताचेही गुण गेले. कीर्तनात बुवांनी तोच दृष्टान्त पुन्हा सांगितला, वजा एक. एसटी वेळेवर आली, चार. हे मात्र एकदाच घडलं. वहिनींचा पेपर तपासायची हिंमत त्यांनी एकदाच केली. "सिलिंडर संपलंय," वहिनी म्हणाल्या, "आणलं तर चार, नाहीतर जेवण वजा."

२०२४चा निकाल म्हणजे बापूंची दिवाळी. कुणाला ७१९ पडले, कुणाला ७१८. टपरीवर बापू कडाडले, "एकूण ७२०. एक सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मधले आले कुठून?" पुढे वाढीव गुणांचा खुलासा झाला, १५६३ जणांचे ते गुण रद्द झाले, फेरपरीक्षा झाली. दहावीला गणितात गचकलेल्या माणसानं चहा निवायच्या आत घोळ पकडला होता. चहाला मात्र वजा एक. साखर जास्त होती.

पोरीच्या परीक्षेला नगरला मीही बरोबर होतो. दागिने चालत नाहीत, म्हणून गेटवर तिनं कानातले काढून दिले. बापूंनी ते रुमालाच्या टोकाला गाठ मारून वरच्या खिशात ठेवले आणि पेपर सुटेपर्यंत त्या खिशावर हात धरून मे महिन्याच्या उन्हात उभे राहिले. सावलीत या म्हटलं, तर म्हणाले, "इथून गेट दिसतंय." मी लिंबू सरबत आणून दिलं. गरम होतं, आंबटही नव्हतं. बापू सगळं प्यायले आणि गुण द्यायचंच विसरले.

परतताना गाडीत पोरगी झोपली होती. मी आरोळ्यांचा विषय काढला. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, पुढे अमेरिकेतही शिकले आणि १९७० साली काम उभं करायला आले ते आपल्या जामखेडला. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्याच बायका बाळंतपणं करू लागल्या, पोरं जगवू लागल्या. १९७९ला आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं.

"त्या बायकांना किती, बापू?"

"चार. प्रत्येकीला."

"मग आपली डॉक्टर झाल्यावर जामखेडला येणार का?"

बापूंनी एकदा मागं वळून पोरीकडं पाहिलं.

"हा सोडा," ते म्हणाले. "सोडलेल्याला वजा नसतं."