‘जरा थांबा’ पक्षाचा जाहीरनामा

देशात नोंदलेले राजकीय पक्ष किती, हे निवडणूक आयोगालाच ठाऊक. माझा पक्ष त्या यादीत नाही. त्याला चिन्ह नाही, झेंडा नाही, आणि कार्यालय म्हणजे आमच्या हसनाबादच्या पारावरची सावलीकडची बाजू. पण सभासद विचाराल तर भोकरदन तालुक्यात घरटी एक तरी निघेल. दुपारच्या वेळी तो बहुधा झोपलेला असतो. पक्षाचं नाव ‘जरा थांबा’. नवीन काहीही आलं की “जरा थांबा, एवढी कसली घाई” म्हणायचं, हा आमचा एककलमी कार्यक्रम.

शिकलेली मंडळी आम्हाला प्रतिगामी म्हणतात. घरची पोरं नुसतं “आबाचं काय मनावर घेता” म्हणतात. आम्हाला दोन्हींचा राग येत नाही. आम्ही परंपरेचे राखणदार; राखणदाराला शिव्या बसायच्याच. पण परंपरा नेमकी कधीपासूनची धरायची, असा प्रश्न कॉलेजात जाणाऱ्या नातीनं काढला आणि पक्षात तात्त्विक पेच उभा राहिला.

निमित्त झालं मतदान यंत्राचं. बटण दाबलं, पिपाणी वाजली, झालं मतदान, हे मला कधीच पटलं नाही. शिक्का मारायचा, शाई पसरू नये म्हणून बेतानं घडी घालायची, कागद पेटीत सोडायचा, याला मत देणं म्हणतात. 2024 च्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं मतपत्रिकेवर गावापुरतं पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, तेव्हा पारावर मी त्यांची बाजू घेतली. निकालाची शंका त्यांना होती. मला नव्हती. मी भांडलो तो घडीसाठी.

नात म्हणाली, “आबा, पहिल्या निवडणुकीत कुठं होता शिक्का?”

नव्हता, हे खरं. 1952 साली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा की झालं. शिक्का मागाहून आला. म्हणजे तेव्हाच्या ‘जरा थांबा’वाल्यांनी शिक्क्यालाही नाकं मुरडली असणार. पेटीवर बैलजोडी चांगली दिसतेय, तर हे ठसे उठवायचं खूळ काढलं कुणी? त्यांच्याही आधीच्यांना मत हा प्रकारच उपरा वाटत असेल. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत या मुलखावर निजामाचं राज्य. राज्यकर्ता तुम्हाला पसंत आहे का, असं विचारायला कुणी घरी येत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलेली गोष्ट सांगून टाकतो. आम्ही जुनं राखतो म्हणतो, पण राखतो ते आमच्या तरुणपणी नवं असलेलं. नवा बैल दावणीला आला की जुने काही दिवस शिंगं रोखून असतात. मग तोच त्यांच्यात मिसळतो आणि पुढच्या नव्यावर शिंगं रोखतो. पक्षाचा सगळा इतिहास एवढाच.

मतदाराचं वय एकविसावरून अठरावर आलं ते 1989 साली. मिसरूड न फुटलेली पोरं सरकार निवडणार म्हणून आम्ही हळहळलो. ज्या राजीव गांधींनी त्यांना मताचा अधिकार दिला, त्यांचीच सत्ता त्या साली गेली, तेव्हा “बघा, आम्ही सांगत नव्हतो?” असं म्हणायची सोय झाली. आता नातीचं नाव यादीत वेळेवर चढलं नाही म्हणून मीच बीएलओच्या मागं लागलो होतो.

बायकांचं प्रकरण याहून जुनं. पहिल्या निवडणुकीच्या याद्या होताना कित्येक बायकांनी परक्या माणसाला नाव सांगायचं नाकारलं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालायच्या नाहीत म्हणून सांगितलं, आणि सुमारे 28 लाख नावं यादीतून गळाली, बहुतेक उत्तरेकडची. मर्यादा राहिली, मत गेलं. आमच्या पक्षाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय म्हणायला हरकत नाही.

पुढं 73 वी घटनादुरुस्ती आली, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा झाल्या, आणि 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या. सरपंचपदाची सोडत निघाली आणि पद महिलेसाठी सुटलं की परिसरातली वर्षभर इस्त्री करून ठेवलेली कितीतरी खादी कपाटात परत जाते. सुरुवातीला आमचा ठराव असा होता की बाईमाणसाला कारभार जमायचा नाही. मग नवऱ्यानं कारभार आणि बायकोनं सही, अशी तडजोड निघाली. ‘सरपंचपती’ हे पद कोणत्याही कायद्यात नसताना त्याची खुर्ची मात्र सगळीकडं असते. आणि आता आमच्यातलेच एक वयोवृद्ध सभासद पारावर बोलतात, “कोणी काही म्हणा, बाई होती तव्हा नळाला पाणी येळंवर यायचं.” ही बाई उभी राहिली तेव्हा सर्वांत जास्त खोकला यांनाच आला होता.

राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आमची आणखी एक कोंडी आहे. 2001 च्या सप्टेंबरनंतर ज्याला तिसरं मूल झालं, त्याला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. कुणाच्या पोरांची गणती सरकारनं का करावी, हा आमचा मूळ प्रश्न. पण खरी अडचण आशीर्वादाची. लग्नात सुनेला आम्ही तोंडभरून ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हटलं. तो आशीर्वाद फळला असता तर तिचा अर्ज छाननीतच उडाला असता. हल्ली मी ‘सुखी राहा’ एवढंच म्हणतो. घटनेच्या चौकटीत बसतं.

पैशाच्या वाटपाबद्दल माझी मतं फार कडक आहेत. 2024 च्या जुलैपासून लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार सुरू झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान. मी पारावर भाषण केलं: अशानं माणूस आळशी होतो, मताला भाव लागतो, तिजोरी आटते. मुद्दे चांगले होते. घरी आलो तर आमची मंडळी तांदूळ पाखडत बसली होती.

“तुम्हाला केंद्राचे सहा हजार येतात, राज्याचे सहा हजार. ते काय म्हणून?”

“तो शेतकऱ्याचा सन्मान निधी आहे,” मी म्हणालो.

“मंग तुमचे बारा हजार तो सन्मान, अन् मपले दीड हजार ती खिरापत?”

हिशोब केला तर तिचे वर्षाचे अठरा होतात. माझ्या तत्त्वनिष्ठेत त्या सहा हजारांच्या फरकाचा वाटा किती, हे मी तपासलेलं नाही.

माणूस बदलण्याच्या बाबतीत मात्र जालना लोकसभा मतदारसंघ पक्का आमच्या वळणाचा. 1999 पासून रावसाहेब दानवे ओळीनं पाच वेळा जालन्याचे खासदार झाले. दिल्लीत सरकारं आली, गेली, खासदार तेच. 13 मे 2024 ला मतदान झालं आणि लाखावर मतांनी काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले, ज्यांना 2009 साली दानव्यांनीच थोडक्यात हरवलं होतं. पारावर दोन दिवस कुणाला चहा गोड लागला नाही. ज्यांनी काळेंना मत दिलं होतं त्यांनासुद्धा. पंचवीस वर्षांची सवय होती. नोव्हेंबरात भोकरदनमधून संतोष दानवे तिसऱ्यांदा आमदार झाले तेव्हा जरा बरं वाटलं. पक्ष कोणता का असेना, आडनाव तरी ओळखीचं.

या साऱ्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. आरक्षणापाशी आलो की बोलणं आपोआप हळू होतं. अंतरवाली सराटी आमच्याच जिल्ह्यातली, अंबड तालुक्यातली. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि जे गाव जालनेकरांनाही चटकन सांगता आलं नसतं ते देशाला ठाऊक झालं. पुढच्या जूनमध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूनं उपोषणाला बसले. दरम्यान कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता. निजामाच्या काळातले कागद, त्यातले कितीतरी उर्दूत, काही मोडीत. ज्या म्हाताऱ्या मास्तरांच्या उर्दूला गावात वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या ओट्यावर जुन्या लोखंडी पेट्या उघडल्या जाऊ लागल्या. पाटीलकी सांगण्यात आजोबांची हयात गेली, आणि नातू ‘पणजोबा कुणबीच होते’ असं सिद्ध करायला तहसीलच्या दारात उभा. निजामाचं एकही चांगलं काम सांगता येणार नाही, असं दर सप्टेंबरात झेंड्याखाली ऐकत आम्ही वाढलो. 2025 च्या सप्टेंबरात कुणबी दाखल्यांचा शासन निर्णय निघाला तो निजामाच्याच काळातलं हैदराबाद गॅझेट पुढं ठेवून.

नातवाच्या हातातली पदवी आणि कोरडवाहू तीन एकर यांच्याकडं पाहिलं की विनोद पुढं सरकत नाही. ज्याच्या ताटातलं कमी होईल अशी भीती आहे, त्याच्याकडं पाहिलं तरी सरकत नाही. मला खुपतं ते वेगळंच. पारावर पूर्वी ऊन फिरेल तशी माणसं जागा बदलत. आता ऊन फिरलं तरी काही जण उठत नाहीत, कारण सावली ज्या बाजूला गेली तिथं बसणारे ‘दुसरे’ आहेत. ही रीत जुनी नाही. हिच्याविरुद्ध आमचा पक्ष अजून एकदाही खोकला नाही, याचं मला नवल वाटतं.

खोकायचं कुठं आणि थांबायला सांगायचं कुणाला, हा प्रश्न एकदा आमच्यासमोर चांगला धडधडीत उभा राहिला होता. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. मी तेव्हा मत द्यायच्या वयात नुकता आलो होतो. ‘आदर आहेच, पण जरा थांबा’ हे वाक्य तेव्हा मराठवाड्यात घरोघर बोललं जात होतं, चांगल्या चांगल्या माणसांकडून. थांबणं सोळा वर्षं चाललं. त्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, कित्येक कुटुंबांनी गावं सोडली. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. पारावर बसून थांबलेल्यांचं या सोळा वर्षांत काहीच गेलं नाही. आज आमच्या घरात भिंतीवर मुलाची पदवी आहे, तिच्यावर तेच नाव आहे, आणि ती चौकट सुतारानं तिरपी ठोकली म्हणून मीच त्याच्याशी वाद घातला होता.

म्हणून पक्षाच्या घटनेत मी एक कलम घातलं आहे. ‘जरा थांबा’ म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, थांबायचं कुणी आणि तोवर त्यानं राहायचं कुठं. कलम मंजूर व्हायचंय. सभासद म्हणतात, एवढी कसली घाई.

परवा नातीनं संसदेचा विषय काढला. लोकसभेत आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती 2023 च्या सप्टेंबरात मंजूर झाली, पण तिच्यातच लिहून ठेवलंय: आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर अंमल. मी खूश झालो. एवढं बेतानं टाकलेलं पाऊल आमच्या आजोबांनाही जमलं नसतं. दिल्लीतही आपले सभासद आहेत म्हणायचे.

“आबा, तुमच्या कलमाप्रमाणं सांगा,” ती म्हणाली, “थांबायचं कुणी?”

मी अडकित्ता शोधू लागलो. आतून मंडळींचा आवाज आला, “बाप्यांनी थांबावं की थोडं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली उभी राहून राहून, पाय दुखत नाहीत का?”