बारीक पोराला काय होतंय?

कर्जत तालुक्यातल्या कडावच्या नाक्यावर शाळेच्या वेळी उभं राहा, देशाची प्रगती डोळ्यांत मावत नाही. पोरांच्या पाठीवर दप्तर, हातात कुरकुरीत खाऊचं पाच रुपयांचं पाकीट. कुणी हटकलंच तर आजी मध्ये पडते, "खाऊ दे की! काडी झालंय माझं पोर. तेवढंच अंगाला लागेल."

आजी चुकत नाही. अंगाला लागतंच, फक्त कुठे लागलं ते दिसत नाही.

हे गुपित फोडलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. त्यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतलं बाळ जन्मलं सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपल्या बाळाला मांस बेताचं, पण चरबी त्याने नीट सांभाळून आणलेली! पुढे 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. चरबी मात्र साहेबांची 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांची 21.2. साहेबाला दुपटीहून जास्त फरकाने हरवायचा हा मान आपल्याला खेळाच्या मैदानावर कधी मिळाला नव्हता.

जन्मतःच अशी शिल्लक घेऊन आलेल्या पोराला आपण वरून पामतेल, मीठ आणि साखरेचा रोजचा हप्ता बांधून देतो. पोटातली, यकृताभोवतीची चरबी पुढे साखर वाढवते, रक्तदाब वाढवते. धमन्यांत चरबीचे पहिले पट्टे शाळकरी वयातच उमटू लागतात. पण वजनकाट्याला आतलं काय दिसणार? तो शेरा मारतो, 'सामान्य'. घर खूश, शाळा खूश, टपरीवाला तर फारच खूश.

सरकार झोपलंय असं मात्र कुणी म्हणू नये. 2020 च्या नियमाप्रमाणे शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असला माल विकायला बंदी आहे. म्हणजे हृदयविकाराने एक्कावन्नाव्या मीटरवर शिस्तीत उभं राहायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेल 10 टक्के कमी करायला सांगितलं. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, नमकीनवरचा 12 वरून 5 वर. फोडणीला उपदेश, पाकिटाला सवलत!

ज्या तालुक्याच्या संशोधन केंद्रातून 'कर्जत-3', 'कर्जत-7' असे भाताचे वाण निघाले, तिथल्या पोराने मधल्या सुट्टीत फुगवलेल्या नळ्या कुरतडाव्यात, हे आपल्या नियोजनाला शोभूनच दिसतं.

तेव्हा आईबापांनो, पोर बारीक आहे म्हणून पाकीट देऊ नका. बारीक आहे म्हणूनच देऊ नका. नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, एखादं अंडं द्या आणि संध्याकाळी मैदानात पिटाळा. पाच रुपये वाचतील, आणि पुढचा मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञाचा खर्चही.