ऑफरराव

ऑफररावांना दोन आवाज आहेत. एक पार्किंगवरून भांडायचा, दुसरा जिन्यातला. अनोळखी नंबर दिसला की ते भरल्या ताटावरून उठून जिन्यात जातात, आणि मग तिथून ‘येस मॅम, शुअर मॅम’ इतकं गोड ऐकू येतं की मजल्यावरची दारं किलकिली होतात. परत येताना ठरलेलं वाक्य : “कुणाला बोलू नका, पण हातात एक ऑफर आहे.”

कंपनी हिंजवडीतली असो की खराडीतली, सीटीसीचा आकडा कळला की ऑफरराव एक्सेल उघडतात आणि चिरफाड सुरू होते. “बावीस म्हणतायत ना? व्हेरिएबल सोडून द्या, ती त्यांची मर्जी. पीएफमधला कंपनीचा वाटा आपल्याच बावीसात धरलाय. ग्रॅच्युइटीही धरलीय, बेसिकच्या 4.81 टक्के. आणि ती मिळणार कधी? पाच वर्षं टिकलो तर!” ऑफरराव आजवर कुठे तीन वर्षंही टिकलेले नाहीत, त्यामुळे या रकान्यावर त्यांचा विशेष राग. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. त्या फेब्रुवारीतल्या जादा शंभरावर ते जेवढं बोलतात तेवढं इन्कम टॅक्सवरही बोलत नाहीत.

सोसायटीतल्या पोरांना त्यांचा सल्ला फुकट असतो. “आकडा आधी बोलला तो संपला. समोरच्याला बोलू द्यायचं. आपण गप्प.” गप्प बसणं मात्र ऑफररावांना देवाने दिलेलं नाही. मागच्या खेपेला ‘एक्स्पेक्टेशन काय?’ असं विचारल्याबरोबर त्यांनी चोवीस सांगितले, आणि मॅम श्वास घेतायत तोवर ‘पण निगोशिएबल आहे’ म्हणत स्वतःच दोन लाख उतरवले. पलीकडच्या बाईला काही करावंच लागलं नाही.

म्हणून यावेळी घरी तालीम झाली. वहिनी एचआर झाल्या. वहिनींचं शिक्षण मंडईतलं. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन पाठ फिरवायची आणि चार पावलं जायचं, ही विद्या त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. त्यांनी ऑफररावांना चोवीसवरून एकोणीसवर आणलं, वर ‘शनिवारी यावं लागेल’ हेही कबूल करून घेतलं. ऑफरराव घामाघूम. “अगं, तू माझ्या बाजूची आहेस ना?”

कोपऱ्यात काका पेपर वाचत होते. काका साताऱ्याहून, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. “आमचा सातवा आयोग 1 जानेवारी 2016 पासूनचा,” ते चष्म्यावरून म्हणाले, “पगारात दिसला 2019मध्ये. तीन वर्षं थांबलो, पण कुणाला एक्स्पेक्टेशन सांगावी लागली नाही.” काकांच्या साहेबाचा पगार शिपायालाही तोंडपाठ असे. ऑफररावांना शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला किती मिळतात हे माहीत नाही, आणि मला वाटतं, त्यांची निम्मी झोप त्यातच जाते.

असो. ऑफर आली, राजीनामा गेला, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सुरू झाला. हे नव्वद दिवस म्हणजे ऑफररावांचा सणासुदीचा काळ. पहिली ऑफर दाखवून दुसरी आणि दुसरी दाखवून तिसरी मिळवायची, असं रीतसर वेळापत्रक असतं. पण पंधराव्याच दिवशी मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून कॉफीला नेलं. दोन लाख वाढवले आणि पदाच्या पुढे ‘लीड’ लावलं. काउंटर ऑफर घेणारा माणूस गाढव, असं वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये सांगणारे ऑफरराव त्या संध्याकाळी पेढे घेऊन आले. “लीड म्हणजे वेगळी केस आहे हो,” ते म्हणाले.

आता नव्या कंपनीला नाही म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्या जिभेवर येईना. दोन दिवस फोन वाजत राहिला, ऑफरराव प्रत्येक वेळी बाथरूममध्ये. शेवटी वहिनींनीच उचलला. “नाही हो, ते नाही येत. ... नाही, तेवढ्यात नाहीच जमायचं. ... बरं, तुमचं शेवटचं बोला.”

ऑफरराव बाथरूमचं दार उघडून उभे होते. वहिनींनी फोन ठेवला आणि भाजी परतायला घेतली. “पावणेदोन वाढवतायत. आणि व्हेरिएबल नको म्हणून सांगितलंय मी.”

रात्री दीडपर्यंत त्यांच्या घरात दिवा होता. एक्सेलमध्ये नवा रकाना पडत असणार.