पटावरचा वजीर

स्पर्धेने गुणवत्ता वाढते हे सूत्र अर्थशास्त्राच्या पोथीत वाचल्यापासून, शाळाशाळांत चुरस लागली की मुख्याध्यापकांच्या प्रज्ञेला नवी पालवी फुटणार याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह उरला नव्हता. आणि गेल्या एप्रिलात भर दुपारी दोनच्या सुमारास, डोक्याला पंचा गुंडाळून व काखेत प्रवेशअर्जांचा गठ्ठा मारून आमच्या पेठेतील एका अनुदानित मराठी शाळेचे मुख्याध्यापक दारात उभे राहिले, तेव्हा ती पालवी याचि डोळा पाहण्याचा योगही आला.

"नातवाला सहा पूर्ण झाली ना?" पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्यापूर्वीच त्यांनी विचारले. नातू आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा, असे सांगताच तांब्या खाली ठेवून त्यांनी शेजाऱ्यांचे नाव वहीत टिपून घेतले.

हेच गृहस्थ एके काळी उन्हाळ्याच्या सुटीत भूमितीच्या प्रमेयांसाठी पुठ्ठ्याची साधने कातरीत बसत, आणि नदीपलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक ती उसनी नेऊन, त्यांत दोन दुरुस्त्या करून, दिवाळीनंतर परत पाठवीत. या देवघेवीस व्यावसायिक विकास म्हणावे हे कोणास सुचलेले नसल्यामुळे ती बिनबोभाट चालली होती. आता पलीकडची शाळा प्रतिस्पर्धी ठरल्याने तिला पुठ्ठ्याचा त्रिकोण दाखविणे म्हणजे गडाचा दिंडीदरवाजा आतून उघडून देणे होय. ज्ञानाची आयात अगदीच थांबली आहे असे मात्र नव्हे. पलीकडे 'सेमी इंग्रजी'चा फ्लेक्स झळकला की आठवड्याच्या आत अलीकडे 'डिजिटल वर्गा'चा झळकतो, आणि तिकडे मोफत दप्तर जाहीर झाले की इकडे दप्तरासह रिक्षा.

यात त्यांच्या हौसेचा भाग थोडा आणि हुद्द्याचा फार. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत 150 हून अधिक आणि सहावी ते आठवीत 100 हून अधिक मुले असतील तरच पूर्णवेळ मुख्याध्यापकाचे पद. म्हणजे बुद्धिबळात प्याद्याचा वजीर होतो, तर शाळेची पदे ठरविणाऱ्या संचमान्यतेच्या पटावर दोन पोरे नदीपलीकडे गेली की वजिराचे प्यादे होते. या पटापायी कल्पनाशक्तीचाही काही ठिकाणी असा विलक्षण उत्कर्ष झाला होता, की 2011 च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर तीन दिवस पटपडताळणी केली तेव्हा हजेरीपटावर नांदणारी पुष्कळ मुले प्रत्यक्ष वर्गात सापडेनात. आता आधार क्रमांकाने ती निर्मितिक्षम वाटही बुजविली, सबब पायपीट.

एवढ्यात साहेबांच्या खिशातून एक संथ, सुसंस्कृत आवाज येऊ लागला. आम्ही दचकलो. "प्रशिक्षण चालू आहे," ते ओशाळून म्हणाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकाने वर्षाकाठी किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा बाळगली आहे. आणि ज्याचे दिवसाचे तास माहिती भरण्यात व सुटीचे तास मुले गोळा करण्यात जातात, त्याने ते पन्नास तास खिशातूनच काढावयाचे, हे ओघानेच आले. चित्रफितीचा विषय होता, शाळांमधील परस्पर सहकार्य.

तोच फाटक पुन्हा वाजले. पलीकडचे मुख्याध्यापक होते. त्यांच्याही काखेत गठ्ठा, आणि खिशात, कानोसा घेतला तर, तोच सुसंस्कृत आवाज चार वाक्ये मागून येत असलेला. दोघांनी एकमेकांस नमस्कार केला.

"किती तास झाले, सर?"

"एकोणचाळीस. तुमचे?"

"एक्केचाळीस."

प्रमेयांची साधने कोठे आहेत, हे विचारावे असे आमच्या अगदी ओठांवर आले होते. पण इतक्यात अलीकडच्यांची वही पलीकडच्यांच्या नजरेस पडली, तांब्या तसाच राहिला, आणि पुढच्याच क्षणी शेजाऱ्यांच्या दाराची कडी दोन हातांनी एकदम वाजली.