पिंट्याचा कन्सेप्ट

ग्राफिक डिझाइन शिकणारा मुलगा ज्या घरात असतो, त्या घरातल्या माणसांना एक गोष्ट फार लवकर कळते. आपण आजवर ज्याला डबा, पाटी, पत्रिका म्हणत आलो, ते सगळं चुकलेलं आहे. आमच्या मजल्यावरच्या पिंट्याने हे ज्ञान घरापुरतं न ठेवता डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला फुकट वाटलं.

"आमचा पिंट्या जेजेला आहे," असं त्याच्या आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी "अगंबाई, कुठल्या वॉर्डात?" असं विचारलं होतं. चूक त्यांची नाही. जमशेटजी जीजीभॉयांनी मुंबईला रुग्णालयही दिलं आणि कलाशाळेसाठी लाखाची देणगीही. दोन्हींना लोक 'जेजे'च म्हणतात. दोन्हीकडे आत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा घरच्यांना आधी ओळखू येत नाही, हाही सारखेपणा आहेच. पिंट्या आत गेला तो भांग पाडून, इंटरमिजिएट ड्रॉइंगची 'ए' ग्रेड घेऊन. वर्षभरात काळा टी-शर्ट, गोल चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि कपाळाला कायमची आठी, असा पिंट्या जिना चढू लागला.

ती आठी कर्निंगची. कर्निंग म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर. ते आपल्यासारख्यांना दिसत नाही आणि पिंट्याला त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. उडप्याच्या हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की आपण डोशाचा भाव बघतो. पिंट्या फॉन्ट बघून कळवळून म्हणतो, "कॉमिक सॅन्स!" वेटर म्हणतो, "वो नहीं है, मैसूर मसाला है." दुकानाच्या पाटीवर 'र' आणि 'स' जरा लांब पडले तर हा पठ्ठ्या बाहेर थांबतो, आत जाऊन रस पीत नाही. लग्नाच्या मुली बघायला जाणारी मंडळीही इतकी खोट काढत नसत.

स्वतःचा लोगो करायचं ठरलं तेव्हा त्याने 'पिंट्या' हे नाव कागदावर लिहिलं आणि नको ते काढून टाकायला घेतलं. 'ट्या' गेला. वेलांटी गेली. 'प' गेला. अनुस्वार उरला. "हाच मी," असं म्हणून त्याने तीनशे जीएसएमच्या पांढऱ्याशुभ्र कार्डावर वर उजवीकडे तो एक ठिपका छापून आणला.

"फोन नंबर?" वडिलांनी विचारलं.

"क्लटर होतो, पप्पा."

खाली वाण्याने त्या कार्डाच्या मोकळ्या जागेत दोन किलो गव्हाची उधारी लिहून ते परत पाठवलं. पिंट्याला वाईट वाटेल असं आम्हाला वाटलं होतं. तो म्हणाला, "बघा, इंटरॅक्टिव्ह झालं."

बिल्डिंगला त्याची कला प्रथम भोवली ती पाण्यात. टाकी साफ करायची असल्यामुळे गुरुवारी सकाळी पाणी येणार नाही, एवढी नोटीस सेक्रेटरी वहीच्या पानावर लिहून डकवणार होते. पिंट्याने ती हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी ए-थ्री आकाराचं पोस्टर लागलं. त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत 'पाणी'. त्याखाली बारीक, राखाडी, पुढेपुढे पुसट होत गेलेलं 'येणार नाही'. वार कडेला उभा लिहिलेला. सगळ्यांनी लिफ्टची वाट बघत 'पाणी' वाचलं आणि निर्धास्त झाले. गुरुवारी साडेसातला गालांना साबणाचा फेस लावलेले कुलकर्णी जिन्यात उभे होते.

"पिंट्या, 'येणार नाही' कुठाय रे त्यात?"

"आहे ना काका. ते विरत चाललंय. अभाव आहे तो. पाणी नसणं तुम्हाला फील व्हायला हवं."

"झालं बाबा," कुलकर्णी म्हणाले, "अगदी पूर्ण झालं."

मग आतेबहिणीचं लग्न निघालं आणि पत्रिकेचं काम अर्थातच घरच्या घरी आलं. आत्याचा मजकूर पिढीजात होता. वर गणपती, मग कुलस्वामिनी, चि. सौ. कां., मुहूर्त, स्थळ, 'आपले नम्र' खाली सतरा नावं आणि तळाशी, 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!' असं म्हणणारी, अजून बोलायलाही न लागलेली दोन बाळं.

"आत्या, यात श्वास घ्यायला जागाच नाही," पिंट्या म्हणाला.

"चारशे माणसं येणार आहेत. श्वास हॉलवर जाऊन घेतील."

तरीही त्याने नमुना केलाच. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. म्हणजे शाई नाहीच, नुसता स्पॉट यूव्हीचा चकचकीत थर. समोर धरलं तर कोरा कागद, ट्यूबलाइटखाली तिरका धरला की मुहूर्त दिसणार. आतोबांनी ती पत्रिका सगळ्या बाजूंनी तिरकी करून पाहिली, शेवटी स्वतः तिरके झाले, तरी त्यांना वधूच्या वडिलांचं नाव काही सापडलं नाही. आणि ते नाव त्यांचंच होतं.

"लग्न म्हणजे दोन माणसांतली मोकळी जागा," पिंट्या समजावत होता.

"ती लग्नानंतर," आतोबा म्हणाले.

अखेर पिंट्याने थोडं नमतं घेऊन छापता येईल अशी काळ्या अक्षरांची पत्रिका केली आणि ती पेनड्राइव्हवर घालून तो स्टेशनजवळच्या प्रेसमध्ये गेला. तिथे एक ऑपरेटर बसतो. त्याने डिझाइनचं शिक्षण कुठेही घेतलेलं नाही आणि निम्म्या डोंबिवलीची लग्नं, मुंजी आणि वास्तुशांती त्याच्या बोटांतून पार पडल्या आहेत. त्याने दोनच प्रश्न विचारले. "कोरलमध्ये आहे? कर्व्ह करून आणलंय?" दोन्हींचं उत्तर नाही असं होतं. अक्षरांचे कर्व्ह करायचे म्हणजे त्यांचं चित्र करून टाकायचं. मग समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. तसं न केल्यामुळे फाइल उघडली आणि जोडाक्षरांनी एकमेकांचा हात सोडला. 'चि.'ची वेलांटी 'च'च्या पुढे जाऊन टिंबाला बिलगली. 'विवाह'मधल्या वेलांटीने 'व' बदलला. ऑपरेटरने सुस्कारा टाकला, स्वतःचा ठेवणीतला गणपती काढला, महिरप लावली, सतरा नावं बसवली आणि दोन्ही बाळांना त्यांच्या जागी नेऊन ठेवलं. आत्या धन्य झाली.

पांढरी पत्रिका मात्र वाया गेली नाही. संगमरवरावर ठेवलेली, शेजारी नीलगिरीची डहाळी आणि काळ्या कॉफीचा कप, अशा मॉकअपमध्ये ती बिहान्स या डिझाइनवाल्यांच्या वेबसाइटवर चढली. डोंबिवलीतल्या लग्नाची ती पत्रिका ब्राझीलमधल्या लोकांना फार आवडली. त्यांना तिथे यायचं नव्हतं, हे त्यामागचं मुख्य कारण.

गणेशोत्सव मंडळाच्या लोगोची कथा पैशांवर अडली. पिंट्याने गणपती सोपा करत आणला होता. आधी मुकुट गेला, मग कान, मग डोळे, शेवटी सोंडेची एकच वळणदार रेघ राहिली. "हा स्वल्पविराम आहे का?" असं एका कार्यकर्त्याने विचारलं. पिंट्याने शांतपणे नाईकीचं उदाहरण दिलं. ती बुटावरची रेघ कॅरोलिन डेव्हिडसन हिने १९७१ साली काढली, तेव्हा तीही पोर्टलंडमध्ये ग्राफिक डिझाइन शिकणारी विद्यार्थिनीच होती. मालकालाही आधी ती रेघ फारशी आवडली नव्हती. आज जग ओळखतं.

"तिला किती मिळाले?" खजिनदारांनी विचारलं. ते बँकेतून निवृत्त झालेले.

"पस्तीस डॉलर," पिंट्या बोलून गेला.

खजिनदारांनी खिशातून पेन काढलं. "तेव्हा डॉलर होता साडेसात रुपयांचा. झाले दोनशे बासष्ट रुपये पन्नास पैसे. मंजूर. तुमच्या घरची वर्गणी पाचशे एक. वजा जाता तूच मंडळाला दोनशे अडतीस रुपये पन्नास पैसे लागतोस."

आईचं गणित वेगळं. २०१० साली रुपयाचं चिन्ह निवडलं गेलं, ते काढणारे उदय कुमार आयआयटीच्या पवईतल्या डिझाइन विभागाचे आणि त्यांना अडीच लाखांचं बक्षीस मिळालं, हे तिला पाठ आहे. "देवनागरी 'र' आणि वर दोन रेघा," ती म्हणते, "'र' तर तूही काढतोस." मूळ चित्रात भर घालायची असते की त्यातून काढायचं असतं, यावर मायलेकांत तेव्हापासून वाद आहे.

या सगळ्यामागे विचार असतो का? असतो. फक्त तो नंतर येतो. पिंट्याचं आणि त्याच्या तमाम बिरादरीचं हे मूळ गुपित आहे. ज्युरीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या परीक्षणाच्या आदल्या रात्री त्याच्या घरी पाचसहा जण जमतात. हॉलभर सनबोर्ड, कटर, स्टीलची पट्टी आणि स्प्रे ग्लूचा वास. त्यात पाय न चिकटवता आजीला देवघरापर्यंत पोचवणं ही घरच्यांची जबाबदारी. रात्री तीनपर्यंत वस्तू तयार होते आणि तीन वाजता प्रश्न पडतो, की आपण हे का केलं? मग पहाटेपर्यंत कन्सेप्ट नोट लिहिली जाते. पोस्टर एक पानाचं, कन्सेप्ट चार पानांचा.

मागच्या वर्षी समुद्रावरचं पोस्टर छापताना घरच्या प्रिंटरमधली निळी शाई संपली. समुद्र बाहेर पडला तो तांबडापिवळा. दुकानं बंद. पिंट्याने नोटमध्ये हवामानबदल, दाह, तापलेली पृथ्वी असं सगळं घातलं. ज्युरीला बाहेरून आलेल्या सरांनी बराच वेळ पोस्टरकडे बघून विचारलं, "निळा का नाही?"

"निळा संपलाय, सर," पिंट्या म्हणाला.

सर हेलावले. त्या सेमिस्टरचे सर्वांत जास्त मार्क त्या वाक्याला आहेत, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पण पिंट्या नुसता बोलबच्चन आहे असं म्हणावं, तर त्याला बोरूने लिहिताना पाहिलेलं आड येतं. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, शाईत बुडवून झटकायचं आणि हात न फिरवता, टोकाचा कोन कायम ठेवून 'क' काढायचा. मग जाड कुठे, बारीक कुठे, हे बोरूच ठरवतो. या कामात कन्सेप्ट चालत नाही. 'क' चुकला की चुकला. पानंच्या पानं भरतात, पिंट्याच्या तोंडून एक इंग्रजी शब्द निघत नाही आणि घरात इतकी शांतता पसरते की आई दोनदा डोकावून जाते.

याला निमित्त झाले वडील. माळा आवरताना जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा निघाला. नाटकांच्या जाहिरातींचं पान उलटं पडलं होतं. वडिलांनी लांबून, चष्मा नसताना, नाटकांची नावं धडाधड सांगितली.

"वाचता येतंय तुम्हाला?" पिंट्याने विचारलं.

"वाचायचंय काय? अक्षर दिसलं की नाटक दिसतं."

ती अक्षरं कमल शेडग्यांची. मराठी नाटकांच्या नावांना त्यांनी चेहरे दिले. भय असेल तर अक्षर दचकायचं, फार्स असेल तर धडपडायचं. जन्मभर रेल्वेत हिशेब लिहिलेल्या आपल्या बापाला टायपोग्राफी कळते, हा धक्का पिंट्याला मोठा होता. त्या दिवशी त्याने वडिलांना पहिल्यांदा स्वतःचा लोगो दाखवला आणि मत विचारलं. "ठिपका चांगला आहे," वडील म्हणाले, "खाली नाव घाल."

आजीच्या गोळ्यांचं काम त्याच सुमाराचं. सकाळची गोळी पांढरी, रात्रीचीही पांढरी. डबे सारखेच. एके दिवशी अदलाबदल झाली आणि आजी भर दुपारी पेंगायला लागली. जागी झाल्यावर तिने पिंट्याला फैलावर घेतलं. "एवढी फी भरतोय तुझा बाप, मला वाचता येईल असं दोन शब्द लिहून दे." पिंट्याने मुकाट्याने एका डब्याला पिवळा कागद गुंडाळला, दुसऱ्याला गडद निळा. जाड बोरूने 'सकाळ' आणि 'रात्र' लिहिलं. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. आजी चष्म्याशिवाय गोळ्या घेऊ लागली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कॉलेजात कुणीतरी त्याला डेबोरा अ‍ॅडलरबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कची ही विद्यार्थिनी. तिच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या, म्हणून तिने औषधाच्या बाटलीवरचा मजकूरच नव्याने मांडला. तो तिचा पदव्युत्तर शिक्षणातला प्रकल्प. २००५ साली ती बाटली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीत आली. पिंट्याला एकदम दिसलं, की आपल्या हातून प्रोजेक्ट झालेला आहे आणि त्याला कन्सेप्टच नाही! त्याने तातडीने दुसरी आवृत्ती काढली. दोन्ही डबे पांढरे. अक्षरं हद्दपार. एका डब्यावर भरीव ठिपका, दुसऱ्यावर पोकळ.

"यातली सकाळची कुठली रे?" आजीने विचारलं.

"भरीव तो सूर्य, आजी."

"आणि हा?"

"सूर्याचं नसणं."

आजीने काही न बोलता देवघरातला मार्कर आणला. तांदळाच्या डब्यावर 'तांदूळ' लिहायचा तो. व्हर्नाक्युलर फायनल या जुन्या परीक्षेच्या वेळचं वळणदार बाळबोध अक्षर, आधी शिरोरेघ ओढून घेतलेली. एका डब्यावर 'सकाळ', दुसऱ्यावर 'रात्र'. सूर्यावरून मार्कर गेला याची तिने फिकीर केली नाही.

पिंट्याने त्याचाही फोटो काढला आणि 'युजर टेस्टिंग' असं नाव देऊन सादरीकरणाच्या शेवटी जोडला. ज्युरीतल्या सरांनी ठिपक्यांची सगळी पानं भराभर पुढे ढकलली आणि ते त्या फोटोपाशी थांबले. एका सरांनी पडद्याजवळ जाऊन 'रात्र'मधला 'त्र' निरखला.

"सुरेख आहे. फॉन्ट कुठला हा?"

"घरचाच आहे, सर," पिंट्या म्हणाला.

"विकत देणार का विचार."

पिंट्याने घरी येऊन विचारलं. आजी म्हणाली, "पस्तीस डॉलर."