जैन करून देऊ

बडोद्याच्या खवय्येगिरीचं औदार्य मोठं. पिझ्झा असो की पावभाजी, कांदा-लसूण-बटाटा नको म्हणायचा अवकाश, 'जैन करून देऊ' हे उत्तर तयार! इथल्या अकोटा भागात राहणारे मी आणि माझा जोडीदार (मावशीच्या लेखी 'रूम पार्टनर', वय चाळिशीकडे झुकलेलं) या औदार्यावर पोसले गेलोय. फक्त फेब्रुवारीत एका हॉटेलात 'कपल ऑफर' मागितली, तेव्हा वेटरने दाराकडे बघत विचारलं, "मॅडम आवे छे ने?" मॅडम अजून येताहेत.

सेवउसळीच्या गाडीवर ही भानगड नाही. वाटाण्याच्या उसळीवर लालभडक तरी, मूठभर शेव, कांद्याची पात. दोघांत एक प्लेट घेतली तरी गाडीवाला एवढंच विचारतो, तरी वाढू? नाक-डोळे असे वाहतात की भर रस्त्यात एकमेकांचे डोळे पुसले, तरी बघणारे दोष मिरचीला देतात.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं आणि १७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाच्या पंगतीतून उठवलं. गुजरात दारूबंदीचं राज्य. पण प्रकृतीचं कारण दाखवलं की दारूचं परमिट मिळतं. लग्नासाठी कुठला आजार दाखवावा, याची चौकशी चालू आहे.

मावशीला मात्र घाई. परवा श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, "दोघं एकाच मांडवात उरकून टाका रे, खर्च तरी वाचेल."

आमची कुठे ना आहे?