डिसेंबरातले दान : मंडळीच्या सभासदांसाठी सोपी मार्गदर्शिका

नगर, सोलापूर, जालना, पुणे, मुंबई, कुठलीही मराठी मंडळी घ्या. डिसेंबर उजाडला की वर्षभर ज्यांचे दर्शन फक्त लग्नात आणि मातीला होते, असे सभासद सहकुटुंब उपासनेला येऊ लागतात. पाळकसाहेब याला पवित्र आत्म्याचे कार्य म्हणतात, खजिनदार याला हंगाम म्हणतो. दोघांचेही बरोबर आहे. पण या गर्दीत नवखा सभासद, म्हणजे गेल्या नाताळानंतर पहिल्यांदाच आलेला, पार गांगरून जातो. किती द्यायचे, कोणाच्या देखत द्यायचे, खिशात हात कधी घालायचा आणि डोळे मिटून प्रार्थनेत मग्न कधी व्हायचे, हे शब्बाथ शाळेत कोणी शिकवत नाही. त्यासाठी ही मार्गदर्शिका.

हे शिक्षण आपल्याला वाडवडिलांकडून मिळाले नाही, याला इतिहासही कारण आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे हिशेब सरळ होता : देणारे बोस्टनला, घेणारे इकडे. शाळा, दवाखाने, वसतिगृहे, बरेचसे पगारपाणी तिकडच्या पैशावर. आता बोस्टनचा चेक थांबून जमाना झाला, खर्च तेवढा थांबलेला नाही. देण्याचे काम शेवटी आपल्याच गळ्यात पडले आहे. पडलेच आहे, तर निदान थाटात करू.

१. जागा

दान कसे द्यायचे हे आपण कुठे बसतो यावर ठरते. पहिल्या तीन बाकांवर बसणाऱ्याकडे झोळी ताजी आणि रिकामी येते. आत नोट पडली की कोणती पडली हे झोळी धरणाऱ्याला दिसते. ज्यांना पाचशेची नोट टाकायची आहे त्यांनी इथे बसावे. दहाचे नाणे टाकायचे असेल तर खांबाआडची जागा धरावी. शेवटच्या बाकावर झोळी पोचेपर्यंत गीताचे शेवटचे कडवे आलेले असते, सगळे उभे राहतात आणि त्या गडबडीत हात झोळीवरून नुसता फिरला तरी चालून जाते.

२. झोळी

झोळी मखमलीची असते. नाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. ही सोय कोणी केली माहीत नाही, पण त्याला सभासदांच्या स्वभावाची उत्तम जाण होती.

झोळीत हात मूठ बांधून न्यावा आणि उघडा बाहेर काढावा. उलट करू नये. नोट असेल तर आकडा बाहेरच्या बाजूला येईल अशी घडी घालावी. नाणे असेल तर ते लेकराच्या हातात देऊन लेकराला उचलून धरावे. मग नाण्याकडे कोणी बघत नाही, सगळे लेकराकडे बघून हसतात.

विधवेच्या दोन टोल्यांचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. खिशात दहाच रुपये असले की तो हमखास आठवतो. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या बाईने आपली होती नव्हती ती सगळी पुंजी टाकली असेही लिहिले आहे, पण तो भाग दाखला देताना वगळण्याचा प्रघात आहे.

हल्ली बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोडही लावलेला असतो. तो दिसताच फोन काढावा, कोडावर रोखावा, थोडा वेळ गंभीर चेहरा करावा आणि “नेटवर्क नाही हो इथे” असे शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटून फोन खिशात ठेवावा. जुन्या चर्चच्या दगडी भिंती चांगल्या जाड असतात. कोणी शंका घेत नाही.

३. हंगामाचा सण आणि लिलाव

खरीप घरात आला की सोयीचा रविवार बघून हा सण होतो. कुठे त्याला कापणीचा सण म्हणतात, कुठे उपकारस्तुतीचा. वेदीपुढे ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, केळीचा घड, अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेला एक गावरान कोंबडा असा थाट असतो. देवाने दिलेल्या पिकातले पहिले फळ देवाला, अशी मूळ कल्पना. शहरातल्या मंडळीत शेत फारसे कोणाकडे नसते, म्हणून हे पहिले फळ सकाळी सातला मंडईतून येते. पपईवर दुकानाचे स्टिकर असेल तर ते काढून मग ती वेदीपुढे ठेवावी.

उपासना संपली की लिलाव. पुकारणारा तरुण संघातला असतो आणि त्याला मंडळीतल्या प्रत्येकाची बढती, नवी गाडी आणि जुने वैर तोंडपाठ असते.

“पपई! पन्नास एक वार... साहेब, बँकेतून रिटायर झालात, हातही रिटायर झाला काय?”

साहेब शंभर म्हणतात. तेवढ्यात मागून कंत्राटदार भाऊंचे “दोनशे!” येते. गेल्या कमिटीच्या निवडणुकीपासून या दोघांत सलामापुरतेही बोलणे नाही. साहेब मागे न बघता अडीचशे म्हणतात. भाऊ चारशे म्हणतात. साहेबांच्या सौभाग्यवती त्यांचा शर्ट मागून ओढतात, त्यामुळे साहेब सहाशे म्हणतात. साडेआठशेला पपई भाऊंची होते. टाळ्या पडतात. भाऊ उठून उभे राहतात आणि म्हणतात, “माझ्याकडून परत लिलावाला!” पुन्हा टाळ्या.

ही शेवटची चाल नीट लक्षात ठेवावी. घेतलेली वस्तू परत केली की एका पपईत दोनदा नाव होते आणि पपई घरी नेऊन खावी लागत नाही. असे फिरता फिरता एखादे अंडे दुपारपर्यंत कोंबडीच्या भावाला जाते. ते अंडे आणलेली बाई मागे भिंतीला टेकून उभी असते. पुकारणाऱ्याच्या तोंडून आकडा ऐकला की ती आधी शेजारणीकडे बघते, मग पदर तोंडाला लावून हसते. पुढच्या वर्षी ती पुन्हा अंडी आणते.

कोंबड्यावर मात्र जपून बोली लावावी. तो परत केला तरी दुसरा घेणारा मिळेलच असे नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहाटे चारला कोंबडा आरवू लागला की पेत्राची आठवण होते आणि सोसायटीच्या चेअरमनचा फोन येतो.

मंडळीच्या आवारात फरशी बसवायची असेल तर कमिटीने प्रीतीवर प्रवचन ठेवू नये. साहेब आणि भाऊ यांना समोरासमोर बसवावे. फरशी त्या दोघांच्या वैरातून बसते.

४. घरोघरची वर्गणी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅस्टोरेट कमिटीची मंडळी पावतीपुस्तक घेऊन घरी येतात. त्यांना आधी पाणी द्यावे, मग चहा, मग बसल्या बसल्या मंडळीच्या हिशेबाबद्दल दोन कडक प्रश्न विचारावेत. हिशेब विचारणाऱ्याकडून कमी घ्यायला कमिटी सहसा तयार होते. आकडा एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक असा असावा. वरचा एक रुपया आपल्या उदारपणाचा आणि बाकीचा रिवाजाचा.

आकडा सांगताना “लिहून घ्या, नाताळाच्या आधी पोचवतो” असे म्हणण्याची पद्धत फार रूढ आहे. लिहिलेला आकडा फलकावर लागतो, पोचलेला आकडा फक्त खजिनदाराच्या वहीत असतो. या दोहोंत अंतर राहत असेल तर त्या रविवारी प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाच वाचायला उठू नये. हनन्या आणि सप्पीरा यांनीही जमीन विकून आलेली सगळी रक्कम दिली असेच सांगितले होते.

मोठी देणगी दिली तर ती उपासनेत जाहीर व्हावी, अशी इच्छा असणे स्वाभाविक आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे खरे. पण ते हातांबद्दल. माइकबद्दल काही सांगितलेले नाही.

५. कॅरलवाले

रात्री अकरानंतर केव्हाही ढोलकी, टाळ, गिटार आणि कापसाच्या दाढीचा नाताळबाबा घेऊन तरुण संघ दारात येतो. झोपल्याचे सोंग घेऊ नये. वरच्या मजल्यावरून आत्याने तुमचा दिवा चालू असलेला पाहिलेला असतो. दार उघडावे, चहा-चिवडा द्यावा आणि पाकीट पहिल्या गीतानंतर द्यावे. आधी दिले तर एकाच गीतात आटोपतात, फार उशिरा दिले तर सहा गीते होतात आणि चाळ जागी होते. “रेव्हरंड टिळकांचे एखादे गीत म्हणा” अशी फर्माईश केली की तरुणांमध्ये शांतता पसरते. पाठ असलेला एकच मुलगा असतो आणि तो नेमका नाताळबाबा झालेला असतो.

६. फराळ

दिवाळीत शेजारच्या घरांतून आलेल्या प्रत्येक ताटाची नोंद ठेवावी. करंज्या किती, चकल्या किती, लाडू रव्याचे की बेसनाचे. नाताळात तेवढीच ताटे परत जायला हवीत, वर केकची एक फोड. केकचे मिश्रण घरी फेटून डबा बेकरीत भाजायला नेणाऱ्यांनी त्यावर नाव लिहावे. नाही तर आपला केक दुसऱ्याच्या घरी जातो आणि दुसऱ्याचा चांगला लागला हे घरात बोलताही येत नाही.

ही देवघेव मात्र मनापासून करावी. वर्षभराच्या कुरबुरी एका करंजीत मिटतात, असा या मार्गदर्शिकेचा अनुभव आहे. यात विडंबन काही नाही.

७. गरिबांना ब्लँकेट

हा कार्यक्रम फोटोशिवाय करता येतो, पण तसा कोणी केलेला आढळत नाही. एका ब्लँकेटला कमिटीचे आठ हात लागलेले असावेत आणि घेणाऱ्या आजीचा चेहरा दिसावा म्हणून तिला थोडा वेळ थंडीतच उभे करावे. फलकावर देणाऱ्यांची नावे ब्लँकेटपेक्षा जास्त होत असतील तर फलक मोठा करावा.

मुळीच मोजमाप न ठेवता द्यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. रेव्हरंड टिळकांचा हात असा सढळ की उद्याचे काय, हा प्रश्न त्यांना पडत नसे. तो प्रश्न त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना पडत असे. टिळकांसारखे द्यायचे तर घरात लक्ष्मीबाई लागतात. आपल्या घरी त्या आहेत का, हे विचारण्याचे धाडस प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर करावे.

८. काही शंका

*दशमांश कपातीच्या आधीच्या पगाराचा की कापून हातात आलेल्या रकमेचा?* हा प्रश्न विचारणारे बहुधा दोन्हींचा देत नाहीत. जे देतात ते विचारत बसत नाहीत.

*पाळकसाहेब मलाखी ३:१० वरच का बोलतात?* कारण कमिटीची सभा शनिवारी झालेली असते.

*प्रीतिभोजनाचे कूपन घेतले, पण मटण संपले. पैसे परत मिळतील का?* नाही. मात्र पुढच्या वर्षी पहिल्या पंगतीला बसण्याची अक्कल मिळेल.

*एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्ष द्यायला उभे राहावे का?* राहावे. पण वर्षातल्या बाराही महिन्यांचा वृत्तांत सांगू नये. बारा वाजायच्या आत प्रार्थना व्हायची असते.

९. शेवटची सूचना

डिसेंबरात मिरवून दिलेल्या पैशाला खजिनदार कधीच नावे ठेवत नाही. त्याच्या वहीत हेतूचा रकाना नाही. हौसेने दिलेले हजार, ईर्ष्येने दिलेले हजार आणि श्रद्धेने दिलेले हजार बँकेत सारखेच जमा होतात. तेव्हा लिलावात भांडा, माइकवर नाव पुकारून घ्या, फलकावर झळका. कोणाची ना नाही.

फक्त एवढे ध्यानात असू द्या की पाळकांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, झाडलोट करणाऱ्या बाईंना फेब्रुवारीतही घर चालवायचे असते आणि चर्चचे छप्पर नाताळात कधीच गळत नाही. ते जुलैत गळते. त्या दिवसांत बाकांवर पंधरा-वीस माणसे असतात, त्यात निम्म्या म्हाताऱ्या बाया, आणि मंडळीचा त्या महिन्याचा खर्च त्यांच्याच पदराच्या गाठीतून निघतो. त्यांचे नाव कोणी पुकारत नाही.

म्हणून एक विनंती. येत्या जुलैत, भर पावसाचा एखादा रविवार बघून उपासनेला या. येताना छत्री आणा आणि डिसेंबरात लिहून दिलेली वर्गणी अजून पोचवली नसेल, तर तीही आणा.